मागचा स्टँड

अमरावतीहून अकोल्यास मोटारसायकलने जाण्याची आम्हांस हौस. 2022 च्या जूनमध्ये या वाटेवर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला व त्याची जागतिक विक्रमांत नोंद झाली. तेव्हापासून तर त्या हौसेस धरबंध उरला नाही. परंतु रस्ता कितीही गुळगुळीत असो, साखळी तेल मागतेच. आमच्या सुमारे 200 किलोच्या गाडीस मधला स्टँड नाही. सबब मागचे चाक उचलून धरणारा स्टँड आणिला. गाडीचे वजन त्यास पेलेल ना, आणि त्यास लागणाऱ्या खुंट्यांचे आटे (6, 8 वा 10 मिलिमीटरचे) आमच्या गाडीस जुळतील ना, एवढे मात्र पाहून घेतले.

जागा पाहिली नाही! अंगणातली काळी माती पावसाने भिजलेली. दांडा दाबताच स्टँडचे एक चाक रुतले, गाडी कलंडली आणि शेजारी खेळणाऱ्या पुतणीचा पाय चार बोटांनी वाचला.

वहिनी एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, एकट्यानं काहून करता? हाक मारायची होती.”

आता आम्ही सपाट फरशीवरच स्टँड लावतो. पुढचा ब्रेक दोरीने बांधतो, बाजूचा स्टँड उघडाच ठेवतो, दोन्ही खुंट्या नीट बसल्याची खात्री करतो. साखळीस हात लावण्यापूर्वी किल्ली खिशात घालतो, कारण फिरत्या साखळीस बोट आणि चिंधी यांतला भेद कळत नाही. आणि दांडा दाबण्यापूर्वी वहिनींस हाक मारतो. तरफेचे गणित आम्ही शाळेतच शिकलो होतो. हाक मारण्यास शिकावयाचे राहिले होते.