दोन वाजताचा टँकर

नवरा गेल्यावर माझी झोपही गेली. 2015 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी मूळची नांदेडची, लग्नानंतर लातूरची झालेली. रात्री पाठ टेकायची आणि छताकडं बघत पडून राहायची. गोळ्यांनी डोकं तेवढं जड व्हायचं.

त्यात 2016 चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, इतकी भांडणं पेटत होती. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाचेक लाख लिटर पाणी. शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या पुढं. म्हणजे माणशी दीड लिटरही नाही. तरी लोक स्टेशनवर नुसती ती गाडी बघायला गेले होते.

आमच्या गल्लीत टँकर यायचा तो बहुतेक रात्री दोनच्या पुढं. ज्याला जाग, त्याला पाणी. समोरच्या आज्जी सत्तरीच्या, एकट्या, गुडघ्यांनी धरून ठेवलेल्या. त्यांची घागर मी पहिल्यांदा भरली ती काही ठरवून नाही. माझी भांडी भरली होती, पाइपाला धार होती आणि त्यांच्या दारातली घागर पालथी दिसली.

"माय, तू झोपली न्हाईस?" आतून आवाज आला.

"न्हाई आज्जी."

"मी बी न्हाई."

मग गल्लीची राखण माझ्याकडंच आली. टँकर वळला की घरोघरी कड्या वाजवायच्या. मी एक वही केली: घरटी दहा घागरी, तान्हं बाळ असेल तिथं दोन जास्त, म्हाताऱ्यांचं पाणी दारात पोचवायचं. एका रात्री मी स्वतःच्या घागरी आधी भरल्याचा बोभाटा झाला. खोटं होतं ते. मी वही ओट्यावर टाकून घरात आले. थोड्या वेळानं दारात काठी वाजली. तेवढा रस्ता ओलांडायला आज्जींना किती त्रास झाला असेल! वही पुढं करून म्हणाल्या, "धर. तुला बोलले ते तहानले होते."

नंतर ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं. त्या किल्लारीच्या बाजूच्या. 1993 साली गणपती बोळवून गाव झोपलं आणि 30 सप्टेंबरला पहाटे चारच्या आत भूकंपानं दगडमातीची घरं माणसांवर बसली. त्यांची दोन माणसं त्यात गेली. "चौथ्या दिवशी कुठलीशी पोरगी आली. भाकरी तर समदेच देऊ लागले होते. तिनं माझ्या केसातली माती काढली. येणी घातली. नाव बी सांगितलं न्हाई." तेव्हापासून त्यांना पहाटेची झोप नाही.

मला नांदेड आठवलं. सुट्टीत वडील आम्हाला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरला न्यायचे आणि जेवल्यावर ताटं घासायला बसवायचे. शेजारी कोण बसलंय, कुणी विचारायचं नाही. राखेनं, साबणानं हात भरलेले असायचे आणि घरून आणलेला रुसवा कुठं गेला ते कळायचं नाही.

लोक मला पुण्य लागेल म्हणायचे. मला पुण्याचं माहीत नाही. मे महिन्यात एकदा साडेतीनला शेवटची घागर पोचवली, ओल्या साडीनंच ओट्यावर टेकले आणि उन्हं आल्यावर जागी झाले. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी अशी झोपले होते. अंगावर कुणीतरी वाकळ टाकलेली, आणि माझ्या स्वतःच्या दहा घागरी भरून दाराशी ओळीनं मांडलेल्या. कुणी भरल्या ते आजतागायत कळलं नाही. बोभाटा करणारीनंच भरल्या असाव्यात, असं मला वाटतं.

पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा भरलं. नळाला पाणी आलं, टँकर थांबला. त्या आठवड्यात एका रात्री दोनला जाग आली. गल्ली सामसूम. आज्जींच्या खिडकीत दिवा होता. मी उठून चहाचं आधण ठेवलं, दोघींपुरतं.