वाइनचे द्राक्ष आणि मोर्शीचा मे महिना



अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला वाइनची द्राक्षे उत्तम पिकतात. किनारा आपल्यालाही आहे. मग कोकणात द्राक्षबागा का नाहीत? तिकडचा समुद्र थंड. त्याचे धुके डोंगरांच्या खिंडींतून आत शिरते आणि भर उन्हाळ्यात वेल गार ठेवते. पाऊस पडतो तो हिवाळ्यात. किनाऱ्यालगत पिनो न्वार आणि थोडे आत, उष्ण खोऱ्यात, कॅबर्ने, अशी काही कोसांतच जात बदलते. आपला अरबी समुद्र उबदार, चार महिने पाऊस, हवा दमट. तिथे केवडा रोग वेल टिकू देणार नाही. म्हणून आपले द्राक्ष घाट चढून नाशिकला गेले, सुमारे ६०० मीटर उंचीवर, जिथे हिवाळा कोरडा आणि रात्री गार.

युरोपात वेल थंडीत झोपतो, छाटणी एकदाच. आपल्याकडे तो झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी करावी लागते. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी आपण डिसेंबरात पाणी तोडून ताण देतो ना, तसेच काहीसे. तिथे ताणाचे काम कात्री करते.

हे सांगायचे कारण असे. शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणल्यापासून वाइनचे नाव आपल्याकडेही निघते. आपल्या भागातले एक बागाईतदार मला म्हणाले, "साहेब, संत्र्याले डिंक्यानं खाल्लं. तीन एकर खोदतो अन् वाइनचे द्राक्षं लावतो. कर्ज भेटते." कर्ज सगळ्या वावरावर होते.

मी म्हटले, खाण्याचे द्राक्ष उरले तर बाजारात जाते, नाहीतर बेदाणा होतो. वाइनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांचे. कारखान्याखेरीज त्याला गिऱ्हाईक नाही. २००८-०९ च्या मंदीनंतर कारखान्यांची उचल घटली, तेव्हा नाशिककडच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी उभे वेल उपटले. आणि एप्रिलच्या छाटणीनंतरची कोवळी फूट मोर्शीचा मे महिना सोसेल, असे मला तरी वाटत नाही.

ते गप्प राहिले. त्यांच्या घरच्या बाई म्हणाल्या, "मंग डिंक्याचं काय करा लागते?"

खरा प्रश्न हाच होता. बुंध्याला पाणी लागू देऊ नका, दुहेरी आळे करा. डिंकाची साल धारदार चाकूने खरवडून काढा आणि तिथे बोर्डो मलम लावा. बोर्डो हे फ्रान्समधल्या वाइनच्या मुलखाचे नाव. द्राक्षाच्या केवड्यावर मोरचूद आणि चुन्याचे हे औषध तिथल्या मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाने १८८५ साली जगापुढे मांडले. मलमासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे, प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवा, मग एकत्र करा. लोखंडी बादली नको. जमिनीपासून तीन फूट बुंधा रंगवा, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा.