चिकव्वाची जुनी फाईल

"अल्ली गाठ आहे गं," चिकव्वा फोनवर म्हणाली. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणं आमच्या अक्कलकोटच्या घराला नवं नाही. पण 'अल्ली' म्हणजे नेमकं कुठे, हे तिनं तीन महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या जागेची नावं आपल्याला दोन्ही भाषांत शिव्यांतूनच ठाऊक!

ती मुलाकडे असते, हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठाला लागून असलेल्या तारनाक्यात. मी गेले तेव्हा कळलं, एका दवाखान्यात गळू समजून तीनदा गोळ्या देऊन झाल्या होत्या. गाठ तशीच टणक, न दुखणारी.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी हात लावण्याआधी विचारलं, "पूर्वी कधी कॅन्सर झाला होता का?"

चिकव्वा माझ्याकडे बघू लागली. पाच वर्षांपूर्वी सोलापुरात गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरसाठी तिचं ऑपरेशन झालं होतं. सुनेला कळू नये म्हणून घरात सगळे 'पिशवी काढली' एवढंच म्हणत. पहिल्या दवाखान्यातही तिनं तेवढंच सांगितलं होतं. शेवटी मीच बोलले.

बाईंनी जागा बधिर करून गाठीचा छोटा तुकडा काढला. योनीच्या या बाहेरच्या भागाला डॉक्टर व्हल्वा म्हणतात. तिथला कॅन्सर बहुधा तिथल्याच त्वचेचा असतो. दुसरीकडून पसरून आलेले शंभरात जेमतेम पाच-आठ. तेही बहुतेक शेजारून, म्हणजे गर्भाशय, त्याचं मुख, बीजकोश, मूत्राशय किंवा गुदाशयातून. क्वचित स्तनातूनही. चिकव्वाच्या तुकड्यात त्वचेच्या नव्हे, ग्रंथींच्या पेशी निघाल्या. लगेच निरोप आला, जुन्या ऑपरेशनचा नमुना आणा.

तो नमुना मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात आणि मागितला तर देतात, हे मला कुठे ठाऊक होतं! आमच्या ह्यांनी सोलापूरहून तो आणला. उन्हानं मेण वितळेल की काय, म्हणून रात्रीच्या गाडीनं! जुन्या-नव्या पेशी खास रंग चढवून शेजारी-शेजारी पाहिल्या. एकाच जातीच्या निघाल्या. म्हणजे नवा कॅन्सर नव्हे, जुनाच तिथवर पोचलेला. मग नुसती गाठ कापून भागत नाही. आधी छाती-पोटाचा स्कॅन झाला, नंतर औषधं सुरू झाली.

परवाच्या तपासणीला फाईल सुनेच्या हातात होती. खुर्चीत बसायच्या आधीच ती नव्या डॉक्टरांना म्हणाली, "आमच्या अत्तींना पूर्वी गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता."

चिकव्वा पंख्याकडे बघत राहिली. पण या वेळी तिनं सुनेला गप्प केलं नाही.