घरी शिवलेला मातेचा वेश

यंदा महावीर जयंतीला पाठशाळेच्या मुलांनी त्रिशलामातेच्या १६ स्वप्नांचा प्रसंग सादर करावयाचे ठरविले आणि मातेची भूमिका आमच्या नातीकडे आली. कोल्हापुरात पोशाख भाड्याने मिळतात. आमच्या घरी मात्र ते आजवर आणलेले नाहीत. कापडाच्या ताग्यातील पुठ्ठा, सोनेरी कागद आणि मैद्याची खळ एवढ्यावर मुकुट होतो. तो कपाळाला टोचू नये म्हणून आतून जुन्या धोतराची पट्टी शिवावी, ही सासूबाईंची शिकवण. मत्स्ययुगुलही पुठ्ठ्याचेच कापले. निर्धूम अग्नीने मात्र दोन रात्री जागविले. केशरी कागद काही केल्या ज्वाळेसारखा दिसेना.

साडीसाठी सूनबाईंनी लग्नातला शालू काढला. रेशमाच्या कोशातील जीव उकळत्या पाण्यात मारला जातो, हे नातीला ठाऊक होते. ती म्हणाली, "आज्जी, हा नेसून मी महावीरांची आई कशी होऊ?"

महाद्वार रोडवरील आमच्या दुकानात तीन पिढ्या रेशमी साड्या विकल्या जात आहेत. यजमान काही बोलले नाहीत. सायंकाळी त्यांनीच इचलकरंजीची पांढरी सुती साडी आणून दिली. खऱ्या जरीतही रेशमाचा धागा असतो, म्हणून आम्ही काठाला साधी सोनेरी फीत लावली.

शालू पुन्हा कपाटात गेला. दुकानातील साड्यांविषयी घरात अद्याप बोलणे झालेले नाही.