परळला उतरा, बास्केट सांभाळा

लोअर परळ आपल्याला पाठ असतं. फिनिक्सचं कुठलं गेट पार्किंगला बरं, कमला मिलमध्ये शुक्रवारी रात्री टेबल कसं मिळवायचं, कुठल्या टॉवरखाली कटिंग चांगला मिळतो, सगळं! पण रूळ ओलांडून पूर्वेला, नुसत्या परळला आपण कधी जातो? कोणी आजारी पडलं तर. टाटा मेमोरियल, केईएम, वाडिया... परळ स्टेशनातून सकाळी बाहेर पडणाऱ्या गर्दीत लॅपटॉपच्या बॅगा कमी आणि एक्सरेची मोठी पाकिटं जास्त. या गर्दीत नीट बघितलंत तर एखादा माणूस प्लास्टिकची बास्केट छातीशी धरून चाललेला दिसेल. बास्केटमधून आवाज येत असेल. तो निघालेला असतो बाई साकरबाईला.

पूर्ण नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय. केईएमपासून चालत जाण्याच्या अंतरावर, डॉ. एस. एस. राव मार्गावर. फाटकातून आत शिरलं की पहिली गंमत म्हणजे जागा! मुंबईत इतकी मोकळी जागा बघायची सवयच राहिलेली नाही. जुन्या इमारती, मोठाली झाडं आणि त्याखाली मालकांसह बसलेले पेशंट. शेजारीच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे शिकणारी मुलंमुलीही इथेच हात साफ करतात. वातानुकूलित लाउंज, कॉफी मशीन, सोफ्यावर पंजांच्या छापाच्या उशा वगैरे शोधायला जाऊ नका. बाकडं मिळालं तर नशीब.

पण बाकड्यावर कोण बसलंय ते बघा. लालबागच्या चाळीतून गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला चादरीत गुंडाळून आणलेले तिघे पोरगे, प्रत्येकी शंभर-शंभर काढून. एक पारशी आजोबा, मांडीवर पोपटाचा पिंजरा. ब्रँडेड ट्रॅक पँटमधली एक मुलगी, तिच्या हस्कीचं शॅम्पू माझ्यापेक्षा महाग असणार. रांग मात्र एकच.

या जागेची गोष्ट सुरू होते १८७४ मध्ये. प्राण्यांचा छळ रोखण्यासाठीची मुंबईची संस्था त्या वर्षी स्थापन झाली आणि योगायोग असा की त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली. शहर अक्षरशः जनावरांच्या खांद्यावर चालत होतं. ट्रामला घोडे, मालाच्या गाड्यांना बैल. जखमी, लंगडी, उपाशी जनावरं रस्त्यात कोसळायची. गिरणीमालक सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून १८८० च्या दशकात हे रुग्णालय उभं राहिलं आणि त्याला नाव मिळालं त्यांच्या पत्नीचं. महाविद्यालय १८८६ चं. तेव्हा घोड्यावर किती खर्च करायचा, याचा हिशेब सोपा असणार. तो पुन्हा गाडीला जुंपता येईल का? येईल, तर करा. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि घोडे सुटले.

मुंबईचा दुसरा हिशेब याहून जुना आहे. जून १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा चिडलेल्या पारशांनी कोटात दंगल केली होती. कुत्र्यांसाठी! दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरापोळ काढली, जिथे बिनकामाची जनावरंही मरेपर्यंत सांभाळायची. कामाच्या जनावराचा खर्च आणि बिनकामाच्या जनावराची माया, दोन्ही हिशेब या शहराने मांडून बघितलेत. आपले कुत्रे-बोके पक्के दुसऱ्या खात्यातले. आमचा बंड्या तर फारच.

बंड्या म्हणजे बोका. वय चार. माहीमला आमच्या बिल्डिंगच्या मीटरबॉक्सखाली सापडला होता. गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तो सारखा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, ओरडायचा, पण ट्रे कोरडी. बहिणीला वाटलं पोट साफ होत नसेल. बोका पाळणाऱ्यांनी हे वाक्य कापून फ्रिजवर लावावं: बोक्याची लघवी अडली, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. बोक्याची मूत्रनळी मांजरीपेक्षा बरीच अरुंद असते. खडे आणि चिकट द्रव यांचं बूच बसलं की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. एक-दोन दिवसांत खेळ खलास.

रात्री घराजवळच्या खासगी दवाखान्यात नळी घालून मोकळं केलं. तीन दिवस सलाइन. बिल ११ हजार. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आता डॉक्टर म्हणाले, वारंवार होणार असेल तर ऑपरेशन करावं लागेल, अरुंद भाग काढून मागच्या बाजूला रुंद वाट करून द्यायची. सगळं धरून ३८ हजार.

आणि माझ्या बँकेत एक वेगळं खातं होतं. ॲपमध्ये त्याला नावही दिलेलं, ‘लेह’. मनालीला बुलेट भाड्याने घ्यायची, रोहतांगऐवजी अटल बोगद्यातून पलीकडे, बारालाचा ला, पांग, तांगलांग ला, लेह. तीन मित्र, दोन वर्षांची बचत, जुलैची सुट्टी मंजूर. शिल्लक ४२ हजार ६००. नियती पण काय आकडे जुळवते, राव!

साताऱ्याला आईला फोन केला. ‘अरे, माणसांना औषधपाणी मिळंना आणि तू मांजरावर चाळीस हजार घालणार?’ आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे म्हैस आजारी पडली की डॉक्टर येतो, पण त्याआधी अण्णा मनातल्या मनात तिचं वेत आणि दूध मोजतात. त्या हिशेबात बंड्या बसतच नाही. त्याने आजवर घराला दिलंय काय? सोफ्याची चिरफाड आणि दोन मेलेली झुरळं.

दुसरं मत घ्यायला म्हणून परळला आलो आणि आईचं वाक्य मला रस्त्यातच भेटलं. टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर गावाहून आलेली माणसं राहतात. प्लास्टिकचा आडोसा, स्टोव्ह, डोक्यावरचे केस गेलेलं मूल, शेजारी रिपोर्टची फाइल. त्यांच्यासमोरून मी बोक्याची बास्केट घेऊन चाललो होतो. मान वर होत नव्हती.

मग बाकड्यावर बसल्यावर एक विचार आला आणि तो अजून जात नाही. लेहच्या खात्यात मी दोन वर्षं पैसे टाकत होतो, तेव्हा आईने कधी विचारलं नाही की माणसं उपाशी आहेत आणि तू बुलेट कसली भाड्याने घेतोस? मित्राने ७० हजारांची लेन्स घेतली तेव्हा आम्ही पार्टी मागितली. मॅरेथॉनचे बूट, गिटार, गोव्याचा वीकेंड, कशालाच फुटपाथवरच्या त्या मुलाची साक्ष काढली जात नाही. ती काढली जाते फक्त बोक्याच्या बिलाला. त्या मुलासाठी पैसे द्यायचेच असतील, तर परळमध्ये द्यायला जागा आहेत, आणि ते लेहच्या खात्यातूनही देता येतात. मी बोक्यावर खर्च केला नाही म्हणून ते पैसे आपोआप तिकडे जाणार नव्हते. ते जाणार होते मनालीला. म्हणजे खरा सामना होता बंड्या विरुद्ध बुलेट. असा मांडला की प्रश्न जरा सुटसुटीत होतो. सोपा होत नाही.

कारण बंड्याच नेहमी जिंकावा असंही नाही. माझ्या शेजारी दादरच्या एक काकू होत्या, सोबत तेरा वर्षांचा लॅब्रॅडॉर. प्लीहेची गाठ. ऑपरेशन करता येईल, असं त्यांना एका ठिकाणी सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, ‘पैसे आहेत रे माझ्याकडे. पण त्याला आता भूल, टाके, गळ्यात ती टोपली, आणि मिळणार काय, तर दोन-तीन महिने. तेसुद्धा माझ्यासाठी.’ त्या वेदनाशामक औषध लिहून घ्यायला आल्या होत्या. बास. त्यांच्याकडे कोणी कंजूष म्हणून बघितलं असतं, तर मी भांडलो असतो.

इथल्या डॉक्टरांशी माझं बोलणं जेमतेम सात मिनिटांचं झालं. मागे रांग होती. त्यांनी पैशाचं काही सांगितलं नाही, वय विचारलं, मूत्रपिंडाचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, ‘किडन्या चांगल्या आहेत. ऑपरेशन नीट झालं तर हा आणखी दहा वर्षं जगू शकतो. पुढे संसर्ग होऊ शकतो, पाणी जास्त प्यायला लागेल, ओलं खाणं द्या.’ दहा वर्षं! लेह अकरा दिवसांचं होतं.

परळहून टॅक्सीने थोडंच पुढे, महालक्ष्मीला, १ जुलै २०२४ पासून टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू आहे. ९८ हजार चौरस फूट, १६५ कोटींचा प्रकल्प, चोवीस तास इमर्जन्सी, सीटी, एमआरआय. रतन टाटांना एकदा आपल्या कुत्र्याला सांध्याच्या ऑपरेशनसाठी थेट अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात न्यावं लागलं होतं, आणि तरी उशीर झालाच, असं त्यांनीच सांगितलं होतं. आता तसले उपचार इथे टॅक्सीच्या अंतरावर येताहेत. आनंदच आहे. पण याचा एक अर्थ असाही की ‘आता काही करता येत नाही’ हे वाक्य डॉक्टर आपल्याला पूर्वीइतक्या लवकर म्हणणार नाहीत. थांबायचं कुठे, हे काकूंसारखं आपल्यालाच ठरवावं लागणार.

ऑपरेशन झालं. दहा दिवस टोपली घालून बंड्या भिंतींवर आपटत फिरला. मित्र लेहला गेले, पँगाँगचे फोटो टाकले. जळलो. खोटं कशाला बोलू? जुलैच्या त्या सुट्टीत मी राजमाचीला चालत जाऊन आलो, खर्च साडेसातशे.

तुम्हालाही जायची वेळ आली तर थोडं प्रॅक्टिकल. सकाळी लवकर पोचा आणि अर्धी रजा टाकूनच जा, लंच ब्रेकमध्ये उरकेल या भ्रमात राहू नका. आधीचे रिपोर्ट कागदावर घेऊन जा. मांजर असेल तर बास्केटवर जुना टॉवेल टाका, समोर हस्की दिसला की ती बिथरते. खर्चाचा आकडा आधी विचारा, लाजू नका, आणि त्याच दमात विचारा की याने त्याला किती आणि कसे दिवस मिळतील. पाळीव प्राण्यांचा विमा निघतो, पण आधीपासूनचा आजार त्यात बसत नाही, त्यामुळे काढायचा तर पिल्लू असतानाच. नाहीतर आमच्यासारखं एक खातं उघडा. महिना हजार रुपये जातात, ॲपमध्ये नाव आहे ‘बंड्या’, त्याच्या खाली ‘लेह’ पुन्हा सुरू केलंय, शिल्लक नऊ हजार चारशे. आणि हो, परतीच्या वेळी टॅक्सीवाले बास्केट बघून नाही म्हणतात. दुसरा किंवा तिसरा थांबतो.