कॅनडातले घर आणि विहिरीजवळची पट्टी

ज्यांची मुले परदेशी गेली आहेत त्यांना हा फोन कधी ना कधी येतोच. आम्हांला तो 2025च्या पावसाळ्यात आला. मृगबागाला खत घालून नुकता घरी आलो होतो, हातपायही धुतले नव्हते. आमचा थोरला कॅनडात टोरांटोजवळ नोकरी करतो. तिकडे रात्र पडते तेव्हा आपल्याकडे सकाळ, म्हणून त्याचा फोन नेहमी न्याहारीच्या वेळी.

"आप्पा, इथं भाडं भरून भरून दमलो. घर घ्यावं म्हणतो. सुरुवातीला भरायची रक्कम कमी पडते. विहिरीजवळची दोन एकर काढली तर?"

ती पट्टी माझ्या आजोबांनी घेतलेली. 1936च्या डिसेंबरात आमच्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिलेच. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात घेतली, असे आजी सांगायची. काळी, खोल माती. त्या पट्टीतल्या केळीने आम्हांला कधी हसवले, कधी रडवले, पण घर चालवले.

तरी खरे सांगतो, मी लगेच हो म्हटले. पोराने परक्या मुलखात दुसऱ्याच्या तळघरात किती दिवस काढायचे? घरात मंडळी काही बोलल्या नाहीत, ताट वाढून आत गेल्या. गिऱ्हाईक तर शेजारच्या बांधावरच होते. रविवारी इसारपावती करायचे ठरले. चाळीस लाखांच्या आसपास सौदा बसत होता.

शुक्रवारी बँकेत गेलो, पैसे तिकडे पाठवायचे कसे ते विचारायला. तिथल्या मुलीने नीट समजावून सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे माणशी, वर्षाला, म्हणजे एप्रिल ते मार्च, अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. पॅन कार्ड लागते. परदेशात घर घ्यायला पाठवायची रक्कम मात्र आपल्या गाठीची हवी, त्यासाठी इथली बँक कर्ज देत नाही. इथवर ठीक होते. मग ती म्हणाली, "काका, दहा लाखांच्या वर जे जाईल त्याच्यावर वीस टक्के कर आधी कापून घ्यावा लागतो."

मी बोटांवर हिशेब केला. चाळीसातून दहा गेले, राहिले तीस लाख. त्याचे सहा लाख! ते बुडत नाहीत, आयकराचे विवरणपत्र भरले की हिशेबात धरतात आणि जास्तीचे परत देतात. पण आपल्या शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे आपल्यापैकी कितीजण ते विवरणपत्र भरतात? न भरणाऱ्याला परतावा कुठून मिळणार?

हे मी थोरल्याला कळवले, तेव्हा त्यानेही तिकडच्या वकिलाला गाठले. दुसऱ्या सकाळी त्याचा आवाज पडलेला.

"आप्पा, मी इथं परका आहे. परक्याला पंचवीस टक्के जास्त."

प्रकार असा की, कॅनडाने 1 जानेवारी 2023पासून परक्या नागरिकांना घरे घ्यायला बंदी केली आणि नंतर तिची मुदत 2027च्या आरंभापर्यंत वाढवली. नोकरीचा परवाना ज्याच्याकडे आहे आणि त्याचे निदान 183 दिवस शिल्लक आहेत, त्याला एक घर घेण्याची मुभा ठेवली. त्या मुभेत आमचा मुलगा बसत होता. पण टोरांटो ज्या ऑन्टारिओ प्रांतात येते, त्या प्रांताचा कर वेगळा. कायमच्या वास्तव्याचा दाखला नसलेल्या परक्याने घर घेतले, तर किमतीच्या 25 टक्के रक्कम सरकारला. हा दर ऑक्टोबर 2022पासूनचा. सहा लाखांचे घर घेतले तर दीड लाख कराचे, आणि हे डॉलर कॅनडाचे. आमच्या दोन एकरांचे पैसे त्या कराच्या निम्म्यालाही पुरत नव्हते! चार वर्षांच्या आत कायम वास्तव्याचा दाखला मिळाला, तर काही अटींवर तो कर परत मागता येतो. पण तोवर भरायचा कुठून?

मला फार राग आला. पोरगा तिथे राबतो, कर भरतो, आणि घर घ्यायला गेला की परका? मग लक्षात आले की ही रीत जुनीच आहे. शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात आपले पंजाबी शेतकरी जाऊन राहिले होते. ओसाड रानात पाणी खेळवून कापूस, भाजी पिकवत. तिथल्या 1913च्या कायद्याने, ज्यांना अमेरिकेचे नागरिक होता येत नाही त्यांना शेतजमीन घ्यायची बंदी केली. 1923 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणसाला नागरिकत्व नाही असा निकाल दिला, म्हणजे दारच बंद झाले. मग काय केले त्यांनी? कुणी तिथे जन्मलेल्या लेकरांच्या नावावर जमीन केली, तर कुणी विश्वासाच्या गोऱ्या शेजाऱ्याच्या नावावर. कष्ट आपले, नाव दुसऱ्याचे. नागरिकत्वाची वाट उघडली ती 1946 साली.

आणि आपण तरी काय वेगळे? शनिवारी मी आमच्या वकिलांकडे इसारपावतीचा मसुदा करायला गेलो. त्यांनी चष्मा काढून विचारले, "मुलगा कॅनडात ना? मग एक लक्षात ठेवा. तो तिथं राहतोय तोवर त्याला इथं घर, गाळा विकत घेता येईल. शेतजमीन नाही." पासपोर्ट भारताचा असला तरी नाही. उद्या तिकडचा पासपोर्ट घेतला, तर आपला परत करावा लागतो, आणि शेतजमिनीची बंदी तशीच राहते. बक्षीसपत्रानेही देता येत नाही. वारसाने आली तरच. "विकलीत," ते म्हणाले, "तर त्याच्याकडे कितीही डॉलर आले तरी ती पट्टी त्याला फिरून विकत घेता येणार नाही."

आणखी एक गोष्ट त्यांनीच काढली. जमीन वडिलोपार्जित, धाकटीची सही लागेल. धाकटीला कुणी विचारलेच नव्हते! 2005च्या कायद्याने लेकीचा वाटा भावाच्या बरोबरीचा आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. सुचले नाही, इतकेच. त्या रात्री फोन केला तर म्हणाली, "माझ्या वाट्याचं नंतर बघू. पण विहीर विकू नका."

थोरल्याला मी वकिलांचे म्हणणे सांगितले. बराच वेळ काही ऐकू येईना, मला वाटले फोन तुटला. मग तो म्हणाला, "म्हणजे फैजपुरातही मी परकाच?"

रविवारी इसार घेतला नाही. शेजारी नाराज झाले ते झालेच, अजून बांधावर भेटले तर मान फिरवतात. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, शब्द मी दिला होता. थोरला अजून भाड्यानेच राहतो. कायम वास्तव्यासाठी अर्ज केला आहे, दाखला हातात आला की घराचे बघू म्हणतो. तोपर्यंत केळीचे जे सुटेल त्यातून थोडे थोडे बाजूला टाकायचे, असे घरात ठरले आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर जमिनीला गिऱ्हाईक बघण्याआधी मुलाला तिकडच्या वकिलाकडे धाडा आणि तुम्ही इकडच्या वकिलाकडे जा. मी उलट्या क्रमाने गेलो.

त्या पट्टीत नंतर नवी रोपे लावली. थोरल्याने फोटो मागितला, धाकटीच्या मुलाने काढून पाठवला. तासाभरात त्याचा फोन.

"आप्पा, विहिरीकडच्या कोपऱ्यात ठिबकची नळी फुटलीय. पाणी साचलंय बघा."

जाऊन पाहिले. फुटली होती.