दगडाखालची माणसे : चिनी वाक्प्रचारांचा एक धागा

‘संशोधन’ या अर्थी चिनी भाषेत ‘यानज्यू’ असा शब्द आहे. त्यातील पहिले अक्षर लिहिताना डाव्या अंगाला ‘शी’, म्हणजे दगड, हे चिन्ह येते. त्या अक्षराचा मूळ अर्थच घासून बारीक करणे असा आहे. लेख कोरण्याची शिळा, शाई उगाळण्याचा दगड, खांबाखालची बैठक, फोडणे, दळणे या सर्वांच्या अक्षरांत तोच दगड बसलेला आढळतो. तोफेच्या एका जुन्या अक्षरातही तो आहे, कारण दारूगोळा येण्यापूर्वी यंत्राने दगडच फेकले जात. पारंपरिक कोशातील २१४ मूलचिन्हांत दगडाचा क्रमांक ११२ वा.

अक्षरांची ही गंमत येथेच थांबवू. खरा इतिहास दडला आहे तो ‘छंग्यू’मध्ये, म्हणजे बहुधा चार अक्षरांच्या त्या घट्ट वाक्प्रचारांमध्ये. वापरून वापरून ते इतके गुळगुळीत झाले आहेत की, त्यांच्याखाली कोण माणूस होता हे आता सहसा कोणी विचारत नाही.

‘श्वे दी शी च्वान’ हा त्यांतील सर्वांत परिचित. पाणी ठिबकते, दगडाला भोक पडते. चिनी शाळांतून हा चिकाटीचा धडा म्हणून शिकवला जातो आणि मराठी वाचकाला लगेच ‘थेंबे थेंबे तळे साचे’ आठवते. परंतु मराठी थेंब साचतो, चिनी थेंब कोरतो. आणि मुळात तो चिकाटीसाठी कोरत नव्हता. इ.स.पू. दुसऱ्या शतकात मेई छंग या लेखकाने वू राज्याच्या राजाला बंडापासून परावृत्त करण्यासाठी पत्र लिहिले. ताई पर्वतावरून ठिबकणारे पाणीही दगड भेदते, अनर्थ असाच थोडाथोडा साठत येतो, असा त्यातील इशारा होता. राजाने तो मानला नाही. इ.स.पू. १५४ मध्ये सात राज्यांचे बंड झाले, मोडले गेले, आणि राजाचा जीव गेला.

दुसरी कथा सोंग काळातील. छोंगयांगचा दंडाधिकारी झांग योंग याला कोषागारातून बाहेर पडणाऱ्या एका कारकुनाच्या शिरवस्त्राखाली एक नाणे दिसले. एकच नाणे. फटक्यांची शिक्षा होताच कारकून उसळला: एका नाण्याचे ते काय, फटके माराल, पण डोके तर उडवू शकत नाही ना! झांगने लेखणी उचलली आणि निवाडा लिहिला. रोज एक नाणे, तर हजार दिवसांत हजार नाणी. दोर लाकूड कापतो, थेंब दगड भेदतो. मग त्याने स्वतःच्या हाताने कारकुनाचा शिरच्छेद केला आणि वरिष्ठांकडे स्वतःविरुद्ध कारवाईची विनंती धाडली. ही कथा तेराव्या शतकातील ल्वो दाजिंगच्या ग्रंथात येते, म्हणजे झांगच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. तेव्हा तपशील जपूनच घ्यावा. ल्वो दाजिंगचा कल मात्र झांगच्या बाजूचा आहे. झांगचे तर्कशास्त्र निर्दोष आहे आणि म्हणूनच भयंकर आहे: न केलेल्या ९९९ चोऱ्यांची शिक्षा एका चोरीला मिळाली.

‘दगड चाचपत नदी ओलांडणे’ ही म्हण सर्रास तंग श्यावफिंगच्या नावावर खपवली जाते. आर्थिक धोरणाच्या संदर्भात ती छेन युन याने १९५० मध्ये आणि पुन्हा १९८० मध्ये वापरली. तंगने तिला पाठिंबा दिला, एवढेच.

आणखी एक वाक्प्रचार, ‘ल्वो जिंग श्या शी’: विहिरीत पडलेल्यावर वरून दगड टाकणे. याचा उगम एका मृत्युलेखात आहे, आणि असा लेख दगडावर कोरून मृतासोबत पुरण्याची तांग काळात रीत होती. मृत व्यक्ती म्हणजे कवी व गद्यकार ल्यू झोंगयुआन. ८०५ मधील सुधारणांचा प्रयत्न फसल्यावर त्याची दहा वर्षे योंगझोउच्या हद्दपारीत गेली. ८१५ मध्ये परत बोलावणे आले, पण लगेच त्याला आणखी दक्षिणेला, ल्यूझोउला धाडले गेले. त्याच वेळी त्याचा मित्र ल्यू युशी याला त्याहून दुर्गम बोझोउ मिळाले. युशीची आई ऐंशी ओलांडलेली. ल्यू झोंगयुआनने अर्ज केला: माझे ठिकाण त्याला द्या, त्याच्या जागी मी जातो. अखेर इतरांच्या रदबदलीनंतर युशीला सुसह्य ठिकाण मिळाले. ल्यू झोंगयुआन मात्र ८१९ मध्ये ल्यूझोउतच वारला.

मृत्युलेख लिहिला हान यू याने. तोही नुकताच हद्दपारीची झळ सोसलेला. मेजवानीत हातात हात घेऊन, सूर्याकडे बोट दाखवून मैत्रीच्या आणाभाका घेणारे लोक केसाएवढ्या लाभासाठी मित्राला खड्ड्यात लोटतात आणि वर दगड टाकतात, असे त्याने लिहिले. (मूळ शब्द ‘सापळ्याचा खड्डा’ असा आहे, त्या अक्षरातच ‘विहीर’ हे अक्षर सामावलेले आहे, आणि पुढे खड्ड्याची विहीर झाली.)

दगड टाकणाऱ्यांपैकी एकाचेही नाव हान यूने त्या लेखात दिलेले नाही. पार्थिव छांगआनजवळच्या पूर्वजांच्या स्मशानात आणण्याचा सारा खर्च पेई शिंगली या अधिकाऱ्याने केला, आणि ल्यूसोबत हद्दपारीत राहिलेल्या लू झुन या मामेभावाने दफन पार पाडले. ही दोन नावे मात्र त्याने लिहून ठेवली आहेत.